पॅनेलचा खटका कोठे असावा आणि त्यावर काय लिहावे

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून स्लॅबच्या आणि टिनाच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळत असल्याने लोक उत्साहात आहेत, आणि तो उत्साह योग्यच आहे. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या घरी इन्व्हर्टरजवळच्या, म्हणजे पॅनेलची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज घरच्या एसी (सतत दिशा बदलणाऱ्या) विजेत बदलणाऱ्या यंत्राजवळच्या, भिंतीला ओल आली. वायरमनने मीटरजवळचा मेन स्विच पाडला. घरमालक म्हणाले, "भाऊ, मेन पाडला न, आता सोलर बी बंद. खोल डबा." डबा म्हणजे छतावरून येणाऱ्या पॅनेलच्या तारा आणि त्यांचा खटका असलेली पेटी. दुपारचे बारा वाजले होते आणि आकाश नुकतेच मोकळे झाले होते. मी त्या दोघांना थांबवले. त्या दिवशी जे घाईघाईत सांगितले, ते येथे सविस्तर मांडतो.

घरमालकांचा समज अर्धा बरोबर होता. महावितरणचा पुरवठा गेला की इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत तारांना वीज देणे थांबवतो, कारण तसे झाले नाही तर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या घरातूनच धक्का बसेल. पण पॅनेलला मेन स्विचची खबर नसते. त्याच्यावर प्रकाश पडतो तोवर ते विद्युतदाब निर्माण करतच राहते. साडेपाचशे वॅटच्या एका पॅनेलचा दाब भार नसताना सुमारे ५० व्होल्ट असतो आणि अशी सहा पॅनेल एकामागून एक जोडली की छतावरून खाली येणाऱ्या दोन तारांमध्ये ३०० व्होल्ट उभे राहतात. थंडीत हा दाब आणखी वाढतो, कारण तापमान एक अंशाने उतरले की तो जवळपास ०.३ टक्क्याने चढतो. "डीसी म्हणजे बॅटरीची वीज, तिचा काय धक्का बसणार" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. ते बारा व्होल्टच्या बॅटरीपुरते ठीक आहे, येथे मात्र जीवघेणे आहे.

आता खरा प्रश्न असा की ही वीज तोडायची कशी. हवेतून ठिणगी उडायला एका मिलिमीटरला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. मग ३०० व्होल्टच्या खटक्यात बोटभर लांब ज्योत कशी पेटते? कारण ती उडी मारून आलेली ठिणगी नसतेच. खटक्याची दोन टोके एकमेकांपासून दूर होताना अखेरच्या स्पर्शबिंदूतून सगळा प्रवाह जातो, तेथील धातू वितळून त्याची वाफ होते आणि त्या तापलेल्या, विद्युतभारित कणांनी भरलेल्या वायूतून प्रवाह चालूच राहतो. यालाच आर्क म्हणतात आणि तिचे तापमान काही हजार अंश असते. घरातील एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे दर शून्याला ही ज्योत विझण्याची संधी मिळते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. फ्यूज वितळेल म्हणावे, तर पॅनेलचा नेहमीचा प्रवाह १३ अँपिअर असेल तेव्हा दोन तारा थेट चिकटल्या तरी तो १४ च्या आसपासच राहतो, म्हणून फ्यूजला काही घडल्याचे कळत नाही.

म्हणून डीसीच्या खटक्यात आर्कला अक्षरशः ढकलून मारावे लागते. आत लहान चुंबक असतात. ते ज्योतीला लोखंडी पत्र्यांच्या एका पिंजऱ्यात लोटतात आणि तिचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा टिकून राहायला सुमारे २० व्होल्ट मागतो. पंधरा तुकडे झाले की मागणी ३०० व्होल्टची होते, पॅनेल तेवढे पुरवू शकत नाही आणि ज्योत विझते. चुंबकाचा हा ढकलण्याचा जोर प्रवाहाच्या दिशेवर अवलंबून असल्याने काही एमसीबींवर (बिघाड होताच आपोआप पडणाऱ्या खटक्यांवर) अधिक आणि उणे या खुणा असतात. तारा उलट जोडल्या तर तेच चुंबक ज्योतीला पिंजऱ्याऐवजी प्लॅस्टिकच्या यंत्रणेकडे लोटतात आणि डबा पेटतो. दुकानात स्वस्त मिळतो म्हणून एसीचा एमसीबी डीसीच्या डब्यात बसवणे याच कारणासाठी गुन्ह्याइतके गंभीर आहे.

खटका कोठे असावा याचे नियम या भौतिकीतूनच निघाले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार तो शिडीशिवाय आणि काही हलवल्याशिवाय पोहोचता येईल असा हवा, त्याची मूठ जमिनीपासून दोन मीटरपेक्षा उंच नको आणि तो न्हाणीघरात नको. २०१४ पासून तेथे छतावरील तारांचा दाब झटपट उतरवण्याची सोयही सक्तीची झाली. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार सौर संच आणि महावितरणची वाहिनी यांच्यामध्ये हाताने चालवायचा आयसोलेटर, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींपासून तोडणारा खटका, लागतो. तो उघडल्याचे डोळ्यांना दिसले पाहिजे, उघड्या स्थितीत त्याला कुलूप घालता आले पाहिजे आणि लाईनमनला दिवसरात्र, घरमालकाला न विचारता, तेथे पोहोचता आले पाहिजे. हा आयसोलेटर चालू भार तोडण्यासाठी असतोच असे नाही. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद करावा, मग एसी बाजू, शेवटी डीसी बाजू.

विदर्भापुरती माझी एक भर आहे. भाव येईपर्यंत आपल्याकडे कापूस घरातच, छताला लागेपर्यंत रचतात. डीसीचा डबा आणि इन्व्हर्टर त्या खोलीत कदापि नसावेत, आणि ढीग खटक्यापुढे येऊन वाट अडवणार नाही याची खात्री असावी. डबा पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात ठेवला, तर मे महिन्यातील ४५ अंशांत आतले एमसीबी विनाकारण पडू लागतात. त्याला सावली द्यावी. नव्या डब्याला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांच्या भावनेचा मी आदर करतो; परंतु मुठीभोवती गुंडाळलेला तो दोरा ऐनवेळी खटका अडकवतो, आणि आर्क कोणाच्या नजरेने लागत नाही.

लेबलाकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. अमेरिकी संहिता सांगते की खटका उघडा असतानाही दोन्ही बाजूंना वीज असू शकते, हा इशारा जेथे लागू असेल तेथे खटक्यावरच हवा, आणि तो हवामानात टिकणारा हवा. आपल्याकडे कागदी, इंग्रजी स्टिकर लावतात. दोन उन्हाळ्यांत ते पांढरे पडते. कोरलेली पाटी घ्यावी, मराठीत घ्यावी, आणि मीटरजवळही एक लावावी: "या घराला दोन ठिकाणांहून वीज येते. डीसी खटका जिन्याखाली आहे. खटका पाडल्यावरही छताकडील तारांत दिवसा ३०० व्होल्ट असतात." शेजाऱ्यांकडे आता हीच पाटी आहे, फक्त त्यांचा खटका जिन्याखाली नसून ओसरीच्या खांबावर आहे, म्हणून तेवढे शब्द बदलून घेतले.