स्किडॅडल

घाईने, बहुधा भीतीपोटी, पळ काढणे या अर्थाचे इंग्रजीतील अनौपचारिक अकर्मक क्रियापद. पळापळ या अर्थी नाम म्हणूनही ते येते. मराठीतील धूम ठोकणे, पोबारा करणे हे त्याला जवळचे. काढता पाय घेणे त्या मानाने सौम्य.

हा शब्द अमेरिकन यादवी युद्धाच्या (१८६१–६५) पहिल्याच वर्षी छापील मजकुरात दिसू लागतो. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’च्या १० ऑगस्ट १८६१ च्या अंकातील वापर सर्वांत जुन्या नोंदींपैकी मानला जातो. संकट येताच फुटीर दक्षिणी लोक पायांचा जो सदुपयोग करतात त्याला उत्तरेचे शिपाई हा शब्द लावतात, अशा आशयाचा खुलासा तेथे जोडलेला आहे. त्यावरून वाचकांना शब्द नवा असावा, असे दिसते. छावणीत तो आधीपासून रुळलेला असणे शक्य आहे. गंमत अशी की, त्याआधी जेमतेम तीन आठवडे, २१ जुलै रोजी, बुल रनच्या लढाईत उत्तरेचीच फौज उधळली होती आणि त्या पळापळीलाही पुढे ‘ग्रेट स्किडॅडल’ हे नाव मिळाले.

व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. विखुरणे या अर्थाच्या ‘स्केदान्नुमी’ या ग्रीक धातूशी त्याचा संबंध त्याच काळी जोडला गेला. हा धातू होमरच्या काव्यात आढळतो आणि अर्थही जुळतो. तथापि ग्रीक धातू शिपायांच्या तोंडी कसा आला, याचा समाधानकारक उलगडा होत नाही. आयरिश व स्कँडिनेव्हियन मूळही सुचवले गेले. त्यांना पुरावा तुटपुंजा आहे. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील बोलींत दूध वगैरे सांडणे या अर्थी याच रूपाचा शब्द नोंदलेला आहे. सांडणे, पांगणे, पळणे हा अर्थप्रवास स्वाभाविक असल्याने, स्थलांतरितांबरोबर आलेला हा बोलीशब्द छावणीत नव्या अर्थाने रूढ झाला, हे मत त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. मात्र १८३० च्या दशकात अमेरिकेत ‘अ‍ॅब्स्क्वॉच्युलेट’सारखी पळून जाण्याची थट्टेखोर क्रियापदे घडवली जात होती, त्यामुळे हाही निव्वळ नादावर रचलेला शब्द असण्याची शक्यता उरते.

या युद्धातील सक्तीची लष्करभरती टाळण्यासाठी कॅनडात गेलेल्यांना ‘स्किडॅडलर’ म्हणत. न्यू ब्रन्सविक प्रांतातील स्किडॅडल रिज हे स्थलनाम त्यांच्यावरूनच पडले. विसाव्या शतकारंभीचे ‘स्किडू’ (चालते होणे) हे कदाचित याचेच आखूड रूप असावे.