कोलंबसच्या आधीची मिरवणूक

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, कोलंबस दिनाला, अमेरिकेतल्या अनेक शहरांत रस्ता बंद करून मिरवणूक निघते. खांद्यावरून तिरके हिरवे-पांढरे-लाल पट्टे, पुढे संघटनेचे नाव लिहिलेला फलक, शाळकरी मुलांचे बँड, जुन्या फियाट गाड्या आणि व्हेस्पा. बातम्यांत मात्र चर्चा होते ती एकाच माणसाची. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर अत्याचार केल्याचा ठपका असलेल्या कोलंबसचा गौरव करावा की करू नये, या वादात हे लोक मुळात रस्त्यावर का उतरले हा प्रश्न मागे पडतो. इटालियन-अमेरिकन मंडळींच्या मिरवणुकांची मुळे पाहिली, तर कोलंबस त्यात पुष्कळ ठिकाणी नंतर सामील झालेला दिसतो.

1880 ते 1924 या काळात सुमारे 40 लाख इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक दक्षिणेतले: सिसिली, कॅलाब्रिया, नेपल्सच्या आसपासची खेडी. इटली हे राष्ट्र एकसंध होऊन जेमतेम काही दशके झाली होती आणि या माणसांना आपण ‘इटालियन’ आहोत असे फारसे वाटतही नव्हते. आपण अमुक गावचे, आपला संत अमुक, एवढीच ओळख. न्यूयॉर्क किंवा बोस्टनच्या गल्लीत ती गावागावांनी वेगळी राहिली. प्रत्येक गावाची परस्पर साह्य करणारी सोसायटी असे. दरमहा वर्गणी भरायची; आजारपणात थोडा पैसा मिळायचा, मेल्यावर अंत्यविधीचा खर्च निघायचा. मुंबईत धोबीतलाव परिसरात गोव्याच्या एकेका गावाचे ‘कूड’, म्हणजे गावकऱ्यांचे सामायिक बिऱ्हाड, होते, तिथे गावच्या संताची वेदी आणि त्याचे फेस्त असायचे. ही व्यवस्था त्याच वळणाची. वर्षातून एकदा सोसायटी आपल्या संताची मूर्ती रस्त्यावर काढायची. मूर्तीला लावलेल्या फितींवर लोक डॉलरच्या नोटा टाचायचे. मिरवणुकीची सुरुवात इथली.

त्यातली सर्वांत थरारक मिरवणूक न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्ये 1903 पासून निघते. नेपल्सजवळच्या नोला गावचे लोक इथे राहायला आले आणि त्यांनी गावची ‘जिलिओ’ सोबत आणली. जिलिओ म्हणजे लिलीचे फूल. नोलाचा बिशप संत पाउलिनुस परदेशातल्या गुलामगिरीतून सुटून परतला, तेव्हा गावकऱ्यांनी लिलीची फुले घेऊन त्याचे स्वागत केले अशी आख्यायिका आहे. त्या फुलांचा कालांतराने मनोरा झाला. सात-आठ मजल्यांएवढा उंच, काही टन वजनाचा, टोकाला संत आणि खालच्या चौथऱ्यावर चक्क वाजवणारा बँड. शंभराहून अधिक पुरुष तो खांद्यावर उचलतात, आणि नुसता उचलत नाहीत तर तालावर नाचवतात. उचलणाऱ्यांच्या गटाला ‘परांझा’ म्हणतात. त्यांच्यासमोर हातात काठी घेतलेला ‘कापो’ उभा असतो. त्याच्या इशाऱ्याशिवाय मनोरा तसूभर हलत नाही. कापो होण्यासाठी वर्षानुवर्षे खांदा द्यावा लागतो. बोस्टनच्या नॉर्थ एंडमध्ये सिसिलीतल्या शाक्का बंदरातले कोळी 1910 पासून मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, मिरवणूक काढतात. तिच्या शेवटी देवदूताचा वेश केलेली एक मुलगी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून दोरीवरून खाली सोडली जाते आणि मूर्तीसमोर अधांतरी प्रार्थना म्हणते.

हे सगळे कॅथलिक चर्चला आवडत होते असे नाही. अमेरिकेतले चर्च तेव्हा आयरिश धर्मगुरूंच्या हाती होते. अनवाणी चालणाऱ्या बायका, फटाके, मूर्तीवर टाचलेले पैसे हा प्रकार त्यांना गावंढळ वाटे. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये माउंट कार्मेलच्या मातेचा उत्सव 1881 पासून चालू होता, पण त्या मातेच्याच नावाच्या चर्चमध्ये इटालियन लोकांनी कित्येक वर्षे तळघरात प्रार्थना केली. रस्ता मात्र कोणाच्या मालकीचा नव्हता. म्हणूनच या लोकांनी आपली सगळी हौस रस्त्यावर केली असावी, असे मला वाटते.

कोलंबस या गोष्टीत आला तो दोन बाजूंनी. सॅन फ्रान्सिस्कोत 1860च्या दशकाच्या अखेरीपासून त्याचा दिवस साजरा होत होता, आणि ते साहजिकही होते. तिथले सुरुवातीचे इटालियन बरेचसे जिनोआच्या परिसरातले, म्हणजे कोलंबसच्याच मुलखातले. दक्षिणेतल्या शेतमजुरांना या उत्तरेकडच्या, स्पेनच्या पैशावर जहाज हाकणाऱ्या खलाशाचे काय कौतुक असणार? ते कौतुक निर्माण व्हायला वेगळी निकड लागली. 1890 मध्ये न्यू ऑर्लिन्सचे पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी यांचा खून झाला आणि संशय सिसिलियन लोकांवर गेला. ज्युरीने एकालाही दोषी ठरवले नाही. दुसऱ्या दिवशी, 14 मार्च 1891 रोजी, जमावाने तुरुंग फोडून 11 जणांना ठार केले. इटलीने आपला राजदूत परत बोलावला. अमेरिकेने शेवटी सुमारे 25 हजार डॉलर भरपाई दिली. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी कोलंबसच्या प्रवासाच्या 400व्या वर्षाचा उत्सव जाहीर केला. या दोन घटनांची सांगड हल्ली फार सरळ घातली जाते. चारशेवे वर्ष कोणासाठी थांबणार नव्हते, आणि जाहीरनाम्याचा भर शाळा व राष्ट्रध्वज यांवर होता. पण संधी कोणी ओळखली ते स्पष्ट आहे. ‘इल प्रोग्रेसो’ या न्यूयॉर्कच्या इटालियन दैनिकाचे मालक कार्लो बार्सोत्ती यांनी वर्गणी गोळा केली आणि 1892 मध्ये गाएतानो रुस्सो या शिल्पकाराचा कोलंबस उंच स्तंभावर उभा राहिला. तो चौक आजही कोलंबस सर्कल म्हणून ओळखला जातो. अमेरिकेची कहाणी आपल्यातल्या एकापासून सुरू होते, हे आता इटालियन माणूस बोट दाखवून सांगू शकत होता.

पुढची पन्नास वर्षे त्याच दाव्याची. डेन्व्हरच्या अँजेलो नोचे यांच्या खटपटीने 1907 मध्ये कोलोराडोने सर्वप्रथम कोलंबस दिनाची सुट्टी दिली. 1905 मध्ये डॉ. विन्चेन्झो सेल्लारो यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘सन्स ऑफ इटली’ स्थापन केली. गावागावांच्या सोसायट्यांऐवजी साऱ्या इटालियनांची एकच संघटना, तिच्या गावोगावी शाखा. 1929 मध्ये उद्योगपती जेनेरोसो पोप यांनी न्यूयॉर्कची मोठी मिरवणूक सुरू केली. हेच पोप आपल्या वृत्तपत्रांतून मुसोलिनीची स्तुती करत होते, हेही विसरू नये. दुसरे महायुद्ध आले आणि नागरिकत्व न घेतलेले सुमारे सहा लाख इटालियन ‘शत्रुदेशीय’ ठरले. बेसबॉलचा लाडका खेळाडू जो डिमॅजिओ याच्या कोळी बापाला सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर जायची बंदी झाली. हा शिक्का काढल्याची घोषणा सरकारने नेमकी 12 ऑक्टोबर 1942 रोजी, कोलंबस दिनी केली.

बदनामीचा प्रश्न मात्र सुटला नाही. 1970 मध्ये कोलंबस सर्कलवर इटालियन-अमेरिकनांची बदनामी थांबवा म्हणत हजारो लोक जमले, आणि त्या चळवळीचा म्होरक्या होता जोसेफ कोलंबो, खराखुरा माफिया टोळीप्रमुख. पुढच्या वर्षी तिथल्याच सभेत त्याच्यावर गोळी झाडली गेली. 2002 मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी माफियावरच्या गाजलेल्या मालिकेतले दोन कलाकार मिरवणुकीत सोबत चालतील म्हटले, तर आयोजक कोर्टात गेले आणि जिंकले. महापौरांनी मिरवणूक सोडून त्या कलाकारांबरोबर ब्राँक्समध्ये जेवण घेतले.

दरम्यान लोक उपनगरांत पांगले. जुन्या गल्ल्या रिकाम्या झाल्या, तेव्हा वारसा संघटनांना नवा रस्ता लागला. म्हणून आज अशा शाखा 4 जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, किंवा युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ असलेल्या मेमोरियल डेच्या गावमिरवणुकीत अग्निशमन दल, माजी सैनिक आणि स्काउटच्या मुलांमधून चालताना दिसतात. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांना हे दृश्य परके नाही. तिथल्या इंडिया डे परेडमध्ये ढोल-ताशा पथके उतरतात ती याच नागरी रिवाजानुसार.

मूळ रहिवाशांचा विरोध डेन्व्हरमध्ये सर्वांत तीव्र झाला. 1989 मध्ये कार्यकर्ते रसेल मीन्स यांनी कोलंबसच्या पुतळ्यावर नकली रक्त ओतले. 1992 मध्ये मिरवणूक ऐनवेळी रद्द झाली. 2000 मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा शंभराहून अधिक निदर्शकांना अटक झाली. विरोधकांचे म्हणणे साधे होते: तुमच्या अभिमानाला हरकत नाही, हा माणूस नको. काही ठिकाणी ते पटले. सॅन फ्रान्सिस्कोने 1994 मध्येच नाव बदलून ‘इटालियन हेरिटेज परेड’ केले. पहिली सुट्टी देणाऱ्या कोलोराडोने 2020 मध्ये ती रद्द करून फ्रान्सेस झेवियर काब्रिनी यांच्या नावे दिवस ठेवला. इटालियन स्थलांतरितांसाठी शाळा आणि अनाथालये काढणाऱ्या या कॅथलिक जोगिणीला (ननला) 1946 मध्ये संतपद मिळाले होते. फिलाडेल्फियात उलट झाले. तिथे 2020 मध्ये कोलंबसचा पुतळा झाकण्यासाठी त्याच्याभोवती उभारलेली लाकडी पेटी दोन वर्षांनी इटालियन झेंड्याच्या रंगांत रंगवली गेली आणि नंतर कोर्टाच्या आदेशाने काढावी लागली. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या मिरवणुकीने नाव बदललेले नाही. विल्यम्सबर्गच्या मनोऱ्यावर मुळात कोलंबस कधी नव्हताच. तो दर जुलैत पूर्वीसारखाच नाचतो.