करमाफीचा वाद आणि अमेरिकी उजव्यांची बांधणी

गर्भपाताचा घटनात्मक हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी रद्द केला, तेव्हा बहुतेक बातम्यांनी गोष्टीची सुरुवात १९७३ पासून केली. त्या वर्षीच्या २२ जानेवारीला याच न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो हक्क मान्य केला होता. त्यावर श्रद्धाळू अमेरिका खवळली, रिपब्लिकन पक्षात शिरली आणि अर्धशतकाने तिने निकाल फिरवून घेतला, असा तो क्रम. तो खोटा नाही. पण १९७३ नंतरची पहिली पाच-सहा वर्षे त्यात नीट बसत नाहीत, आणि माझ्या मते खरी बांधणी त्याच वर्षांत झाली.

त्याआधीचा भाग थोडक्यात. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अ‍ॅरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार होते. वंशभेदाला बंदी घालणाऱ्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात त्यांनी मत दिले होते. नोव्हेंबरात त्यांचा धुव्वा उडाला. हाती आली सहा राज्ये, त्यातले एक त्यांचे स्वतःचे आणि उरलेली पाच खोल दक्षिणेतली, जिथे रिपब्लिकन पक्षाला पिढ्यान्‌पिढ्या कोणी विचारत नव्हते. दक्षिणेतला गोरा मतदार सरकतो आहे, हे तेव्हाच दिसले. पण या गृहस्थांना धर्माच्या राजकारणात काडीचा रस नव्हता. त्यांच्या पत्नी अ‍ॅरिझोनात कुटुंबनियोजनाचे काम उभे करणाऱ्यांपैकी होत्या, आणि उतारवयात ते स्वतः पक्षात शिरलेल्या पाद्र्यांवर उघडपणे चिडत. छोटे सरकार, कमी कर, कम्युनिझमला विरोध आणि राज्यांची स्वायत्तता एवढेच १९६४ चे उजवेपण होते. पाद्री त्यात आले कसे?

इथे शाळांकडे वळावे लागते. १९५४ च्या निकालाने सरकारी शाळांतले वर्णविभाजन बेकायदा ठरले, तरी दक्षिणेत प्रत्यक्ष अंमल सुरू व्हायला साठचे दशक संपत आले. तो सुरू होताच गोऱ्या पालकांनी खासगी शाळा काढल्या, कित्येक तर चर्चच्याच आवारात. मिसिसिपीतल्या होम्स काउंटीत सरकारी शाळांमध्ये ७७१ गोरी मुले होती. एकत्र शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी ती २८ उरली, पुढच्या वर्षी एकही नाही. तिथल्या काळ्या पालकांनी १९६९ मध्ये केंद्राच्या अर्थखात्यालाच कोर्टात खेचले. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या शाळेला धर्मादाय संस्था मानून करमाफी कशी देता, हा त्यांचा सवाल होता.

सवाल वरवर कोरडा वाटतो. आपल्याकडे देणगी देताना लोक आधी ‘८०-जीची पावती मिळेल ना?’ असे विचारतात. तिथेही तेच. करमाफी गेली की संस्थेवर कर लागतो, शिवाय देणगीदाराला मिळणारी वजावट जाते आणि देणग्या आटतात. वर्गणीवर चालणाऱ्या शाळेच्या मानेवरच ही सुरी होती. निक्सन सरकारने १९७० मध्ये धोरण बदलले. ३० जून १९७१ रोजी वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. वंशभेद करणारी शाळा ही धर्मादाय संस्थाच नव्हे, असे सूत्र त्यातून पक्के झाले.

कर खात्याने मग दक्षिण कॅरोलिनातल्या एका कडव्या प्रोटेस्टंट विद्यापीठाकडे मोर्चा वळवला. १९७१ पर्यंत तिथे काळ्या विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. नंतर आधी विवाहितांना आणि १९७५ पासून अविवाहितांनाही दार उघडले, पण वेगळ्या वंशाच्या मुलामुलींनी एकमेकांसोबत फिरायचे नाही, हा नियम राहिला. त्याला बायबलचा आधार आहे, असे संस्थेचे म्हणणे. १९ जानेवारी १९७६ रोजी त्यांची करमाफी रद्द झाली, तीही १९७० पासून मागच्या तारखेने. हे सगळे डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टर यांनी केले, असे आजही सर्रास सांगितले जाते. सूत्र रिपब्लिकन निक्सन यांच्या काळातले, कारवाई त्यांच्याच पक्षाच्या फोर्ड यांच्या काळातली, आणि कार्टर तेव्हा नुसते उमेदवार होते.

कार्टर यांच्या काळातली ठिणगी वेगळी. ऑगस्ट १९७८ मध्ये कर खात्याने नवा मसुदा काढला. ज्या खासगी शाळा आसपासच्या सरकारी शाळा एकत्र होत असताना निघाल्या किंवा वाढल्या, त्यांनी आपण भेदभाव करत नाही हे आकड्यांनी सिद्ध करायचे. म्हणजे पुराव्याचे ओझे उलट्या खांद्यावर आले. खात्याकडे लाखाहून जास्त निषेधपत्रे आली. १९७९ मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, या मसुद्यावर पैसा खर्च करायलाच मनाई केली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये व्हर्जिनियातल्या एका दूरचित्रवाणी-पाद्र्यांनी आपली राजकीय संघटना काढली. १९६७ मध्ये त्यांनी स्वतःही एक ख्रिस्ती शाळा सुरू केली होती.

म्हणून अभ्यासकांचा एक गट म्हणतो की धार्मिक उजव्यांचा जन्म गर्भपाताच्या प्रश्नातून झालाच नाही, तो झाला वर्णविभाजनाची करमाफी वाचवण्याच्या धडपडीतून. त्यांच्या हाती भक्कम पुरावे आहेत. बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या देशातल्या सर्वांत मोठ्या महासंघाने १९७१ मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात एक ठराव केला होता: बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग, आईचे शारीरिक-मानसिक स्वास्थ्य अशा कारणांसाठी गर्भपाताला मुभा देणारे कायदे व्हावेत, यासाठी सभासदांनी काम करावे. भूमिका पूर्ण पालटायला १९८० उजाडले. तोवर गर्भपातविरोध हे प्रामुख्याने कॅथलिकांचे काम मानले जाई. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही करणारे गृहस्थ होते रोनाल्ड रेगन.

दुसरा गट म्हणतो, हे फारच सोयीचे झाले. ख्रिस्ती शाळा काढणारे सगळेच वंशद्वेष्टे नव्हते. १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन बंद झाले, त्यावर अनेक पालक नाराज होते. लैंगिक शिक्षणाचा वाद होता, उत्क्रांतीच्या धड्याचा होता. शिवाय १९७८ मध्ये आयोवात सिनेटची जागा डेमोक्रॅटांनी गमावली, तेव्हा आदल्या रविवारी चर्चबाहेर उभ्या मोटारींवर गर्भपातविरोधी पत्रके लावली गेली होती. हा मुद्दा मते फिरवू लागला होता, तोही दक्षिणेपासून दूर.

मला दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर वाटतात, पण समान मापाने नव्हे. करमाफीच्या भांडणाने मतदार घडवले नाहीत, त्याने पुढारी घडवले. राजकारण घाणेरडे आहे, आपण आत्मे वाचवावेत, असे म्हणणारा पाद्री चुकूनही वॉशिंग्टनला जात नव्हता. त्याच्या शाळेच्या हिशेबवह्यांना सरकारने हात घातला तेव्हा तो उठला, आणि उठल्यावर त्याला भाषाही सापडली: आम्ही कुणावर काही लादत नाही, सरकार आमच्या श्रद्धेवर अतिक्रमण करते आहे. ही भाषा १९६४ च्या छोट्या सरकारवाल्यांच्या बोलण्याला अगदी चपखल जुळली. मात्र वेगळ्या वंशाच्या जोडप्यांवरची बंदी घेऊन ओहायो किंवा आयोवातल्या गृहिणीकडे मत मागता येत नाही. त्यासाठी दुसरा, नैतिकदृष्ट्या ताठ उभा राहणारा प्रश्न लागत होता. तो १९७३ पासून तयारच होता. कॅथलिक तिथे आधीपासून उभे होते.

ऑगस्ट १९८० मध्ये डॅलसला हजारो पाद्री आणि कार्यकर्त्यांसमोर रेगन म्हणाले की तुम्ही मला पाठिंबा देऊ शकत नाही हे मला ठाऊक आहे, पण माझा तुम्हाला आहे. त्या भाषणात त्यांनी खासगी शाळांमागे लागलेल्या कर खात्यावरही तोंडसुख घेतले. नोव्हेंबरात त्यांनी ४४ राज्ये जिंकली. ती सगळी पाद्र्यांनी मिळवून दिली, असे मानणे हास्यास्पद होईल. महागाई १३ टक्क्यांच्या वर होती, तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस होते, आणि जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरपट्टीवर एक टक्क्याची मर्यादा घालून करांविरुद्धचा राग आधीच नोंदवला होता.

कर्जफेड लवकर झाली. जानेवारी १९८२ मध्ये रेगन सरकारने दक्षिण कॅरोलिनातल्या त्या विद्यापीठाच्या करमाफीविरुद्धची भूमिका सोडत असल्याचे जाहीर केले. त्यावर मोठी ओरड झाली, आणि सरकारच बाजू सोडून गेल्याने सर्वोच्च न्यायालयाला खालच्या निकालाची बाजू मांडायला बाहेरचा वकील नेमावा लागला. मे १९८३ मध्ये आठ विरुद्ध एक मतांनी विद्यापीठ हरले. त्या एकमेव विरोधी न्यायमूर्तींना रेगन यांनी १९८६ मध्ये सरन्यायाधीश केले. जोडप्यांवरची बंदी उठली मार्च २००० मध्ये. गंमत म्हणजे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एका जुन्या विद्यापीठाची करमाफी काढण्याची धमकी दिली, तेव्हा उजव्यांना एके काळी जिव्हारी लागलेला १९८३ चा निकालच पुन्हा चर्चेत आला.

त्या पराभवातून उजव्यांनी घेतलेला धडा असा, की अध्यक्ष आपला असून भागत नाही, न्यायाधीश लागतात. येल विद्यापीठात आदल्याच वर्षी, १९८२ मध्ये, कायद्याच्या उजव्या विद्यार्थ्यांची एक परिषद भरली होती, आणि तिच्यातून पुढे न्यायाधीश पुरवणारी साखळीच उभी राहिली. १९८७ मध्ये प्रसारणात दोन्ही बाजू मांडण्याचा नियम गेला आणि रेडिओवर उजव्या चर्चांचे पीक आले. १९९४ मध्ये चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांकडे गेले. मे २०१६ मध्ये ट्रम्प यांनी संभाव्य न्यायमूर्तींची यादीच छापून टाकली. तीन लग्ने केलेल्या या उमेदवाराला गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट, मतदारांपैकी पाचात चार जणांनी मत का दिले, याचे निम्मे उत्तर त्या यादीत होते. चार वर्षांत तीन न्यायमूर्ती नेमले गेले.

गर्भपाताच्या निकालाच्या तीनच दिवस आधी, २१ जून २०२२ रोजी, याच न्यायालयाने मेन राज्याला बजावले की खासगी शाळांची फी सरकार भरत असेल तर धार्मिक शाळांना वगळता येणार नाही. त्या बातमीला गदारोळात कोपरा मिळाला. मे २०२५ मध्ये ओक्लाहोमातल्या एका कॅथलिक शाळेला थेट सरकारी खर्चाने चालू द्यावे का, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. एक न्यायमूर्ती बाजूला झाल्याने चार-चार मते पडली आणि शाळेला नकार देणारा राज्याचा निकाल तूर्त कायम राहिला. त्याच वर्षी जुलैत झालेल्या करकायद्याने खासगी शाळांच्या शिष्यवृत्तीसाठी देणगी देणाऱ्याला १,७०० डॉलरपर्यंतची रक्कम करातून थेट वळती करून घेण्याची सोय केली. ती लागू होईल २०२७ पासून, आणि कोणत्या राज्यांनी त्यात सामील व्हायचे ते राज्यांनीच ठरवायचे आहे.