‘मलाही झाला होता’: स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर भेटायला येणाऱ्या स्त्रियांची परंपरा

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला पहिल्या काही दिवसांतच एक व्यायाम शिकवला जातो. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि ज्या बाजूची शस्त्रक्रिया झाली आहे त्या हाताची बोटे भिंतीवरून हळूहळू वर चालवत न्यायची. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात काखेतले टाके ओढले जातात, जखमेतला स्राव बाहेर काढणारी, कमरेला लटकवलेली ड्रेनची नळी आणि पिशवी सांभाळावी लागते आणि हात खांद्याच्या वर गेला तर आत काहीतरी फाटेल, या भीतीने बहुतेकजणी मध्येच थांबतात. फिजिओथेरपिस्टने दिलेला धीर अशा वेळी उपयोगाचा असतोच. पण जिची हीच शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली आहे अशी एखादी बाई समोर उभी राहून स्वतःचा हात सहज डोक्यावर नेते, तेव्हा जे पटते ते कोणत्याही सूचनापत्रकाने पटत नाही. आज अनेक रुग्णालयांत अशी भेट उपचाराचाच भाग मानली जाते. तिचा इतिहास मात्र जेमतेम सत्तर वर्षांचा आहे आणि त्याची सुरुवात एका रुग्ण स्त्रीच्या हट्टातून झाली.

तो हट्ट समजून घ्यायचा तर त्या काळची शस्त्रक्रिया समजून घ्यावी लागते. अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी १८८२ पासून एक पद्धत रूढ केली आणि १८९४ मध्ये आपल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. कर्करोग स्तनापासून क्रमाक्रमाने बाहेर पसरत जातो, म्हणून जितके रुंद आणि खोल कापावे तितका तो मुळापासून निघतो, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या जात. ज्या काळात गाठ बरीच मोठी झाल्यावरच स्त्री डॉक्टरकडे पोहोचत असे, त्या काळात त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण या पद्धतीने खूप कमी झाले, हे मान्य करायला हवे. पण मागे राहत असे ती बरगड्यांपर्यंत खोलगट झालेली छाती, आखडलेला खांदा आणि अनेकींच्या बाबतीत जन्मभर सुजलेला हात. ही पद्धत सुमारे ऐंशी वर्षे प्रमाण मानली गेली.

त्यात आणखी एक भर होती. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात गाठीचा तुकडा तपासणे आणि स्तन काढणे या दोन्ही गोष्टी एकाच भुलीत उरकल्या जात. स्त्री तपासणीसाठी म्हणून टेबलावर झोपे, तुकडा लगेच गोठवून पाहिला जाई आणि कर्करोग दिसला तर पुढची सगळी शस्त्रक्रिया तेव्हाच होऊन जाई. शुद्धीवर आल्यानंतर अंगावरच्या पट्ट्या चाचपून तिला निदान कळत असे. यामागे क्रौर्य नव्हते. वेळ दवडू नये आणि दोनदा भूल देऊ नये, हा हेतू होता. परंतु स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय झोपेत होऊन गेल्यावर जागी झालेल्या बाईशी बोलायचे कोणी आणि काय, याची कोणतीही तरतूद त्या व्यवस्थेत नव्हती.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील टेरीज लॅसर या बाईंच्या वाट्याला नेमके हेच आले. त्यांचे प्रश्न अगदी रोजचे होते. हात पुन्हा वर कधी जाईल, कपड्यांच्या आत काय घालायचे, नवऱ्यासमोर कसे उभे राहायचे, मुलांना काय सांगायचे. शल्यचिकित्सकांकडे त्यांची उत्तरे नव्हती, कारण शस्त्रक्रियेच्या व्याख्येत हे प्रश्न बसतच नव्हते. लॅसर यांनी उत्तरे स्वतः शोधली आणि नंतर शस्त्रक्रिया झालेल्या इतर बायकांच्या खाटांशी जाऊन त्या ती सांगू लागल्या. डॉक्टरांची परवानगी न घेता रुग्णांना भेटल्याबद्दल त्यांना सुरुवातीला अडवलेही गेले. तरीही त्या थांबल्या नाहीत आणि त्यातूनच ‘रीच टू रिकव्हरी’ हा उपक्रम उभा राहिला. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तो आपल्याकडे घेतला आणि देशभर पोहोचवला.

या उपक्रमाची रीत मोठी काटेकोर होती. भेटायला जाणारी स्त्री स्वतः याच शस्त्रक्रियेतून गेलेली असली पाहिजे आणि तिला प्रशिक्षण मिळालेले असले पाहिजे. ती जाई ती डॉक्टरांच्या संमतीने. औषधोपचाराबद्दल सल्ला द्यायचा नाही, कोणत्या डॉक्टरने काय करायला हवे होते यावर बोलायचे नाही, हा दंडक होता. सोबत ती एक छोटा संच नेत असे, त्यात हाताच्या व्यायामासाठी दोरी आणि चेंडू, एक माहितीपुस्तिका आणि जखम भरेपर्यंत चोळीच्या आत ठेवण्यासाठी हलका तात्पुरता कृत्रिम स्तन असे. मला या संचाचे फार महत्त्व वाटते. त्यातल्या दोरीला आणि चेंडूला बाजारात किंमत नव्हती, पण ज्या प्रश्नांना वैद्यकाने नाव दिले नव्हते त्यांची ती पहिली उत्तरे होती. आणि त्या संचाहूनही मोठे उत्तर म्हणजे तो घेऊन दारातून आत येणारी बाई. ती नीटनेटकी, चालती-बोलती होती आणि तिचा कोणता स्तन काढला आहे हे पाहणाऱ्याला सांगता येत नव्हते.

पुढे आक्षेप आला तो नेमका याच शेवटच्या गोष्टीवर. अमेरिकी कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचा एक स्तन १९७८ मध्ये काढला गेला. त्यांना भेटायला आलेल्या स्वयंसेविकेने आणलेला कृत्रिम स्तन फिक्या गुलाबी रंगाचा होता, म्हणजे लॉर्ड यांच्या त्वचेला न जुळणारा. काही दिवसांनी तो न घालता त्या डॉक्टरांकडे गेल्या, तेव्हा त्याने इतर रुग्णांचे मनोबल खचते, असे तिथल्या परिचारिकेने त्यांना सुनावले. इस्रायलचे सेनानी मोशे दायान गमावलेल्या डोळ्यावर पट्टी बांधून जगभर वावरले, त्यांना कोणी काचेचा डोळा बसवायला सांगितले नाही. मग स्त्रीनेच आपली जखम का लपवावी, असा लॉर्ड यांचा प्रश्न होता. स्तन काढलेल्या स्त्रिया एकमेकींना ओळखूच येणार नसतील तर त्या एकत्र येणार कशा, हे त्यांचे म्हणणे त्याहून खोल होते. त्यांची टीका योग्य होती असे मला वाटते. मात्र तिच्यामुळे लॅसर यांचे काम खोटे ठरत नाही. लॅसर यांच्या काळात कर्करोग हा शब्दही घराबाहेर उच्चारला जात नव्हता. त्या काळात पूर्वीसारखे दिसणे हाच पुन्हा माणसांत येण्याचा एकमेव खुला मार्ग होता.

दरम्यान शस्त्रक्रियाच बदलू लागली होती. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या तुलनात्मक चाचण्यांतून असे दिसले की रोग लवकर सापडला असेल तर फक्त गाठ आणि तिच्या भोवतीचा भाग काढून रेडिएशन दिलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगतात. मिलानचे निष्कर्ष १९८१ मध्ये आणि फिशर यांचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपली शस्त्रक्रिया जाहीर केली आणि हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्याच वर्षी स्वतः रुग्ण झालेल्या पत्रकार रोझ कुशनर यांनी एकाच भुलीत तपासणी आणि शस्त्रक्रिया करून घ्यायला नकार दिला आणि पुढे त्याविरुद्ध मोहीम चालवली. १९७९ मध्ये अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने हे दोन टप्पे वेगळे करण्याची शिफारस केली, त्या समितीत कुशनर होत्या. इथे सहरुग्णाच्या सोबतीचा अर्थच पालटला. लॅसर शस्त्रक्रिया झाल्यावर येत असत. आता निर्णय घेण्याच्या आधीच बोलायला कोणीतरी हवे होते.

हाच विचार वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या रूपांत रुजला. इंग्लंडमध्ये बेटी वेस्टगेट यांनी १९७३ मध्ये आपल्या घरातूनच स्तन काढलेल्या स्त्रियांची संघटना सुरू केली. पॅरिसमध्ये राहणाऱ्या फ्रान्सीन तिमोथी यांनी त्याच दशकात ‘रीच टू रिकव्हरी’ युरोपात नेली. शिकागोमध्ये दोघी रुग्ण मैत्रिणींनी सुरू केलेल्या कामातून चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा उभी राहिली.

अशा सोबतीने आयुष्य वाढते का, हा प्रश्न पुढे आला नसता तरच नवल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांनी रोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. दर आठवड्याला गटात बसून मोकळेपणाने बोलणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षा सरासरी जवळपास दीड वर्ष अधिक जगल्या, असे त्यात दिसले. त्या बातमीने जगभर मोठी आशा निर्माण केली. परंतु २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २३५ स्त्रियांच्या कॅनडातील अभ्यासात आयुर्मान वाढलेले दिसले नाही आणि स्पीगल यांना स्वतःलाही नंतर तो परिणाम पुन्हा दाखवता आला नाही. गटातल्या स्त्रियांचे मन कमी खचले आणि वेदना कमी जाणवल्या, हे मात्र कॅनडातील अभ्यासातही दिसले. ‘सकारात्मक राहिलीस तर बरी होशील’ असे रुग्ण स्त्रीला सांगणाऱ्यांनी हे निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावेत. रोग बळावला तर तो तिच्या मनाचा दुबळेपणा ठरत नाही, आणि सोबतीचे मोल आयुष्याच्या महिन्यांत मोजायची गरजही नाही.

काही वेळा तर रुग्णांच्या एकत्र येण्यानेच वैद्यकाची समजूत दुरुस्त झाली. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर त्या हाताने जड काम करू नये, नाहीतर हात सुजतो, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. १९९६ मध्ये व्हँकूव्हर येथील क्रीडावैद्यक डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना अनेकींनी मिळून वल्हवायच्या लांब ड्रॅगन नावेत बसवून वल्ही मारायला शिकवले. सूज वाढली नाही. उलट त्या बायकांनी पुढे आपला चमू चालूच ठेवला आणि अशा नावा आज अनेक देशांत आहेत. क्रमाक्रमाने, देखरेखीखाली वाढवलेल्या व्यायामाने सूज बळावत नाही, हे नंतरच्या चाचण्यांतही आढळले.

मुंबईत या परंपरेला वेगळी वाट मिळाली. परळचे टाटा स्मारक रुग्णालय फेब्रुवारी १९४१ मध्ये सुरू झाले. ते ज्या रस्त्यावर आहे त्याला त्याच रुग्णालयात काम केलेले, मूळचे गोव्याचे शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. १९५१ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटीची स्थापना केली. रुग्णांनीच रुग्णांना आधार देण्याचे संघटित काम मात्र आपल्याकडे पुष्कळ उशिरा उभे राहिले. स्वतः कर्करोगातून उठलेल्या हरमाला गुप्ता यांच्या पुढाकाराने दिल्लीत १९९१ मध्ये ‘कॅन्सर सहयोग’ सुरू झाले आणि मुंबईत वंदना गुप्ता यांनी, त्याही स्वतः या रोगातून गेलेल्या, १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ची स्थापना केली.

पण संस्था निघण्याआधी सोबत नव्हती असे नाही. टाटामध्ये उपचाराला येणारी बाई बहुधा बाहेरगावची असते. केमोचे आवर्तन आणि रेडिएशन, ज्याला आपल्याकडे अजूनही ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, यांसाठी तिला महिनोन्‌महिने शहरात राहावे लागते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देत आली आहे. एकाच खोलीत, एकाच चुलीशी राहणाऱ्या बायका एकमेकींना केस गळाल्यावर रुमाल कसा बांधायचा, तोंड आल्यावर काय खाववते, टाक्यांवर पाणी न पडता अंघोळ कशी करायची हे सांगत आल्या आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकींनी ‘रीच टू रिकव्हरी’ हे नाव कधी ऐकलेले नसेल.

आपल्याकडचे प्रश्नही थोडे निराळे आहेत. डाव्या खांद्यावरून येणारा पदर पुष्कळ काही झाकतो, त्यामुळे परक्यांपासून लपवणे सोपे जाते. पण ब्लाउज शिवणाऱ्या शिंप्याला काय सांगायचे, हा प्रश्न उरतोच. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन अनेकींना परवडत नाही, म्हणून कापूस किंवा धान्य भरलेली कापडी पिशवी चोळीत ठेवली जाते. अलीकडे मुंबई-पुण्यात स्वयंसेविका मऊ सुती धाग्याने विणलेले स्तन मोफत देतात, तेव्हा लॅसर यांच्या संचाची आठवण होते. शिवाय स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर रोज रेडिएशन घ्यावे लागते, पूर्वी पाच-सहा आठवडे, आता बहुधा तीन. जिचे गाव रेडिएशन केंद्रापासून शेकडो किलोमीटरवर आहे आणि घरी लहान मुले आहेत, ती कित्येकदा स्तन काढून टाकण्याचाच निर्णय घेते. भारतात पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हा रोग सरासरी कमी वयात होतो आणि २०२० च्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ७८ हजार स्त्रियांना त्याचे नव्याने निदान झाले. यांतल्या अनेकींच्या घरी शाळेत जाणारी मुले असतात आणि काहींची लग्नेही व्हायची असतात. साठीच्या स्वयंसेविकेचा अनुभव त्यांना धीर देतो, पण मूल होऊ शकेल का, लग्नाआधी समोरच्यांना कधी सांगायचे, या प्रश्नांसाठी त्यांना आपल्याच वयाची बाई हवी असते.

गडचिरोलीची किंवा रत्नागिरीच्या एखाद्या वाडीतली बाई उपचार संपवून घरी परतते तेव्हा तिच्या पंचक्रोशीत या रोगाबद्दल उघडपणे बोलणारी दुसरी बाई कदाचित नसते. काही ठिकाणी तिची ताट-वाटी वेगळी ठेवली जाते, कारण हा रोग लागतो असा समज अजून गेलेला नाही. सहा महिन्यांनी एके सकाळी हात जड वाटू लागला आणि बांगड्या घट्ट होऊ लागल्या, तर ही सूज आहे, लगेच दाखवायला हवे, हे तिला सांगणार कोण? म्हणून रुग्णालय सोडताना अनेकजणी फाइल आणि औषधांची चिठ्ठी यांच्या जोडीला शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मोबाइल क्रमांक लिहून घेतात. तो पाठ झालेला असला तरी फाइलच्या पहिल्या पानावर पुन्हा एकदा लिहिलेला असतो.