फोड सुकवणारी ट्यूब आणि फोड येऊच न देणारी ट्यूब

घरात लग्न ठरलं की आठवडाभर आधी कुठल्या तरी भाचीचा फोन येतोच. "मावशी, ते अ‍ॅडापलीन लावलं पिंपलवर. काही झालं नाही, उलट कातडी सोलली." मी एकच विचारते, "कुठे लावलंस?" "पिंपलवरच की! अजून कुठे लावणार?"

सगळा घोळ या उत्तरात आहे. गेली कित्येक वर्षं मी तोच निस्तरतेय.

बेंझॉइल पेरॉक्साइड आणि अ‍ॅडापलीन. दोन्ही जेल, दोन्ही तळहाताएवढ्या ट्यूबमध्ये, दोन्हींच्या खोक्यावर मुरुमांचं नाव. त्यामुळे लोक दोन्ही एकाच पद्धतीने लावतात: फोड दिसला की बोटाच्या टोकाने त्यावर ठिपका.

बेंझॉइल तुम्ही वापरलेलं असणार, म्हणून थोडक्यात. ते त्वचेत ऑक्सिजन सोडतं आणि मुरुमातल्या जंतूंना ऑक्सिजन मानवत नाही. प्रतिजैविकांना जंतू सरावतात, तसे याला सरावत नाहीत. २.५ टक्क्यांची ट्यूब पुरते. १० टक्क्यांची आणणारा माणूस जास्तीची जळजळ तेवढी विकत आणतो. टॉवेलवर आणि उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडतात, तेव्हा दोन्ही पांढरेच वापरा. तेही खरं तर फोड येतात त्या सगळ्या भागावर लावायचं, पण ठिपक्यापुरतं लावलं तरी काहीतरी पदरात पडतं.

अ‍ॅडापलीनचं तसं नाही, आणि का नाही हे कळायला फोड जन्मतो कसा ते बघावं लागतं. केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्राच्या आतलं अस्तर सतत झडत असतं. झडलेल्या पेशी बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटल्या, त्यात त्वचेचं तेल मिसळलं, की छिद्रात बूच बसतं. हे बूच इतकं बारीक असतं की आरशात दिसत नाही. त्यामागे तेल साचतं, जंतू वाढतात, सूज येते, आणि कित्येक आठवड्यांनी तुम्हाला लाल टेंगूळ दिसतं. गणपतीत नाकावर दिसलेला फोड आत कुठे तरी श्रावणापासूनच बसत आलेला असतो.

अ‍ॅडापलीन त्या बुचाच्या पायरीवर काम करतं. पेशींचं झडणं ताळ्यावर आणतं, म्हणजे बूच बसतच नाही. फुललेल्या फोडावर ते लावणं म्हणजे वरातीमागून घोडं. पुढचे पाच फोड ज्या पाच जागी येणार आहेत, त्या जागा आज अगदी स्वच्छ दिसताहेत, आणि औषधाची गरज तिथे आहे. त्या जागा कुठल्या हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून ते पूर्ण चेहऱ्यावर लावायचं.

पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. गालांना वेगळा वाटाणा नाही. रात्री तोंड धुऊन, पूर्ण कोरडं होऊ देऊन, कपाळ, दोन्ही गाल, हनुवटी असे बारीक ठिपके द्यायचे आणि पसरायचे. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे, ओठ वगळायचे. पहिले दोन-तीन आठवडे एक रात्र सोडून. त्वचा कोरडी असेल तर आधी मॉइश्चरायझर. सकाळी सनस्क्रीन, आणि यावर मी वाद घालत नाही. आपल्या वर्णाच्या त्वचेत जळजळ झाली की काळा डाग मागे राहतो आणि तो फोडापेक्षा जास्त महिने मुक्काम करतो.

सुरुवातीला फोड वाढल्यासारखे वाटतात. इथेच निम्मे लोक ट्यूब फेकतात. निकाल बारा आठवड्यांनी लावायचा, बाराव्या दिवशी नव्हे. आणि चेहरा साफ झाला की बंद करायचं नाही, कारण बूच बसायची खोड कुठेही गेलेली नसते. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर मात्र हात लावू नका.

दोन्ही एकत्र चालतात. सकाळी बेंझॉइल, रात्री अ‍ॅडापलीन ही माझी आवडती जोडी.

एक किरकोळ वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट: अ‍ॅडापलीन म्हणून हातात पडलेल्या ट्यूबमध्ये पुष्कळदा क्लिंडामायसिनही असतं. ते प्रतिजैविक आहे, महिनोन्महिने लावत राहायचं नाही. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. अमेरिकेतल्या भाचीला ०.१ टक्क्याचं नुसतं अ‍ॅडापलीन २०१६पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. तिला हा त्रास नाही.

टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा यांवर मी शब्द खर्च करणार नाही. "अंगातली उष्णता बाहेर पडतेय" यावरही नाही. डोक्याला चोपडलेलं तेल कपाळावर ओघळून तिथे फोड येतात, हे मात्र आजीला दुखावून का होईना सांगावं लागतं. आणि चार दिवसांत पिंपलही घालवणारं आणि गोरंही करणारं शेजारणीचं क्रीम? त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. थांबवलं की दुप्पट फोड, वर लाल, पातळ झालेली कातडी.

खोल दुखऱ्या गाठी, खड्डे, किंवा पाळी अनियमित आणि हनुवटीवर केस असं असेल, तर दोन्ही ट्यूबा ठेवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

बाकी, लग्न आठ दिवसांवर असेल तर अ‍ॅडापलीनचं झाकण उघडूच नका. सोललेल्या कातडीवर मेकअप बसत नाही. आधीपासून सोसत असेल तर बेंझॉइल लावा, फोड फोडू नका, आणि ती दुसरी ट्यूब पूजा उरकल्यावर सुरू करा. पुढच्या लग्नाला उपयोगी पडेल.