काटे चढले, दोष कटआऊटचा की स्टॅबिलायझरचा?

घोडबंदर रोडला माजिवड्याजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि आमच्या जुन्या ब्रिटिश गाडीचा टेम्परेचरचा काटा लाल पट्टीला टेकला. बॉनेट उघडलं, तर रेडिएटर शांत, वाफ नाही की वास नाही. मग शेजारच्या काट्याकडे लक्ष गेलं. सकाळी अर्ध्यावर असलेलं पेट्रोल पाऊण टाकी झालं होतं! चालवल्यावर पेट्रोल वाढणारी गाडी कोणाला नको?

वागळे इस्टेटमधल्या मिस्त्रींनी ऐकताक्षणी निकाल दिला, "साहेब, कटआऊट गेला." मला संशय होता स्टॅबिलायझरचा, म्हणजे काट्यांना ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या डब्याचा. व्होल्टेज सांभाळणं हेच कटआऊट आणि स्टॅबिलायझर दोघांचं काम, त्यामुळे ही गल्लत नेहमीची. पण कटआऊटचा डबा डायनॅमोवर लक्ष ठेवतो. चार्जिंग १४ व्होल्टच्या आसपास ठेवायचं आणि इंजिन मंदावलं की बॅटरीचा करंट उलटा जाऊ द्यायचा नाही. तो बिघडला तर चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही, नाहीतर रेस दिल्यावर हेडलाइट भगभगतात, बॅटरीचं पाणी आटतं. काटे मात्र जागचे हलत नाहीत, कारण मध्ये स्टॅबिलायझर बसलेला असतो.

स्टॅबिलायझर म्हणजे डॅशबोर्डमागचा काडेपेटीएवढा डबा. आत दोन धातूंची पट्टी, तिच्यावर तार गुंडाळलेली. तार तापली की पट्टी वाकून संपर्क तोडते, निवली की जोडते. सरासरी १० व्होल्ट पडतात. म्हणून डिजिटल मीटर कधी १२, कधी शून्य दाखवतो, त्याला घाबरू नका. टेस्ट लॅम्प लावा. थोड्या वेळाने लुकलुकू लागला तर पट्टी ठीक.

लॅम्प एकसारखा पेटलेला राहिला तर आधी अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी बघा. ते डब्याच्या स्क्रूमधून मिळतं, आणि खाडीकाठच्या हवेत स्क्रू गंजायला कितीसा वेळ लागतो? अर्थ तुटली की तार तापत नाही, संपर्क सुटत नाही, बॅटरीचा सगळा जोर दोन्ही काट्यांवर. संपर्क जळाले तर दोन्ही शून्यावर. एकच काटा वेडा झाला असेल तर स्टॅबिलायझरला हात लावू नका, त्या काट्याची वायर आणि सेंडर, म्हणजे काट्याला माप कळवणारा टाकीतला किंवा इंजिनवरचा भाग तपासा.

नवीन घ्यायचाच तर ७८१० आयसीचा, म्हणजे स्थिर १० व्होल्ट देणाऱ्या चिपचा स्वस्तात होतो. पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाडीला मात्र तो चालत नाही. जुन्या पद्धतीचा बसवताना वरची बाजू वरच ठेवा.

आमच्याकडे पॉलिश पेपरने स्क्रूखालचा गंज घासला, एवढंच. टेम्परेचर मध्यावर आलं. पेट्रोल पाव टाकीवर.