हवामानाचा डेटा उशिरा का पोचतो : तारायंत्रापासून एमक्यूटीटीपर्यंतची पार्श्वभूमी

हवामानाचं डेटा फीड, म्हणजे डेटाचा अखंड येणारा प्रवाह, मागे पडू लागलं की पहिला संशय लाइनवर जातो. ‘बँडविड्थ वाढवून घ्या’ हा सल्ला मग कुणीही देऊन मोकळं होतं. या फीडचा इतिहास पाहिला तर मात्र लाइन तुडुंब भरल्याची उदाहरणं कमी आणि पाठवणारं यंत्र पलीकडच्या उत्तरासाठी ताटकळत राहिल्याची उदाहरणं जास्त सापडतात. आज विलंब शोधताना ज्या युक्त्या सांगितल्या जातात, त्यातल्या बऱ्याचशा याच ताटकळण्यावरचे जुने उतारे आहेत.

सुरुवात तारायंत्राची. नोव्हेंबर १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हाजवळ वादळाने जहाजं बुडाली. फ्रान्सच्या ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाने नंतर युरोपभरच्या नोंदी जमवल्या आणि हे वादळ आधी पश्चिमेकडे दिसलं होतं, तारेने इशारा देता आला असता, असं दाखवून दिलं. आपल्याकडे १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळानंतर हीच निकड भासली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं उभं राहिलं. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’च्या चौकात अडकणाऱ्या पुणेकरांना हे नाव कुठून आलं हे एव्हाना कळलं असेल.

१९६३ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ‘वर्ल्ड वेदर वॉच’ ही योजना मंजूर केली आणि त्याखाली देशोदेशींच्या खात्यांना जोडणारी जीटीएस ही दूरसंचार यंत्रणा आकाराला आली. दिल्ली हे तिचं एक प्रादेशिक केंद्र. संदेश एका केंद्राने घ्यायचा, साठवायचा, पुढे ढकलायचा, अशी पद्धत. लाइनी टेलिप्रिंटरच्या, वेग अगदी कमी, ५० बॉडच्या आसपास, म्हणून नोंदी आकड्यांच्या गटांत कोंबलेल्या. प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर कशाचा डेटा, कुठल्या केंद्राचा आणि कोणत्या दिवशी किती वाजताचा हे ठरलेल्या अक्षरांत लिहिलेलं असे. ‘एसएमआयएन’ म्हणजे भारतातली मुख्य वेळेची भूपृष्ठ निरीक्षणं, ‘डीईएमएस’ म्हणजे दिल्ली. या ओळीच्या शेवटी कधी आणखी तीन अक्षरं दिसतात, ‘आरआरए’. नेहमीचं पत्रक निघून गेल्यावर मागाहून आलेल्या नोंदी पाठवायच्या असतील तर ही खूण लावतात. उशीर होणारच, हे गृहीत धरून त्याला मथळ्यातच जागा करून ठेवली होती. मला हा प्रामाणिकपणा नंतरच्या कित्येक प्रणालींपेक्षा बरा वाटतो.

इंटरनेटवरच्या फीडची गोष्ट अमेरिकेतल्या बोल्डरला सुरू होते. तिथे १९८० च्या दशकात विद्यापीठांना हवामानाचा डेटा पुरवण्यासाठी युनिडेटा हा उपक्रम उभा राहिला. आरंभी डेटा उपग्रहावरून यायचा आणि प्रत्येक विभागाला छपरावर डिश बसवावी लागायची. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हेच वाटप इंटरनेटवर नेलं. कुणी एकाने सगळ्यांना पाठवायचं नाही. एका विद्यापीठाने दोघा-चौघांना द्यायचं, त्यांनी पुढच्यांना. या साखळीतल्या प्रत्येक यंत्रावर एलडीएम नावाची प्रणाली चालते. आलेला प्रत्येक तुकडा, म्हणजे प्रोडक्ट, ती रांगेत ठेवते, पुढच्याला देते आणि स्थानिक कामाला लावते. प्रत्येक प्रोडक्टला एमडी५ची सही, म्हणजे मजकुरावरून काढलेली ओळखखूण, असते. त्यामुळे एकच फीड दोन ठिकाणांहून मागवता येतं. जे आधी पोचेल ते ठेवायचं, दुसरं टाकून द्यायचं.

त्या काळचं इंटरनेट कसं होतं? ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला होता. अंतर जेमतेम ४०० यार्ड. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये टीसीपी या इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या पद्धतीसाठी गर्दी आवरण्याचे नियम सुचवले: पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, हरवलं की वेग निम्म्यावर आणायचा, मग हळूहळू वाढवायचा. या नियमांनी इंटरनेट तगलं. पण न थांबता वाहणाऱ्या फीडला लांबच्या वाटेवर एखादं पॅकेट हरवलं तरी ते महाग पडू लागलं. त्यात टीसीपीच्या खिडकीची, म्हणजे पोच येण्याआधी पाठवून ठेवता येणाऱ्या डेटाची, मूळ मर्यादा ६४ किलोबाइट. उत्तर यायला पाव सेकंद लागत असेल तर एका जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त २५६ किलोबाइट जाणार, मग लाइन कितीही जाड असो. खिडकी मोठी करण्याची सोय १९९२ मध्ये मानकात आली, पण ती चालू आहे की नाही हे दोन्ही टोकांच्या यंत्रांवर ठरायचं.

एलडीएमची पाचवी आवृत्ती याच खड्ड्यात पडत होती, तेही स्वतःच्या पद्धतीमुळे. ती प्रत्येक प्रोडक्टची पोच मिळेपर्यंत थांबायची. पहिल्या पत्राचं उत्तर आल्याशिवाय दुसरं पत्र पेटीत टाकायचंच नाही, असं ठरवलं तर टपालखातं कितीही तत्पर असून काय उपयोग? पुन्हा तोच पाव सेकंद धरा: सेकंदाला चारच प्रोडक्ट जाणार. मोठ्या फाइलींना हे फारसं जाणवत नाही. चार ओळींची हजारो पत्रकं असलेलं फीड मात्र तासभरात मागे पडतं. २००३ च्या सुमारास आलेल्या सहाव्या आवृत्तीने पोचेची वाट न पाहता प्रोडक्टमागून प्रोडक्ट सोडायला सुरुवात केली. लाइन तीच, यंत्रं तीच, आणि दूरच्या केंद्रांचा विलंब उतरला. या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल माझ्या मते हाच.

डेटाही याच वर्षांत फुगत होता. अमेरिकेच्या नेक्सरॅड रडारांचा मूळ डेटा टेपवर साठवला जायचा. १९९८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाच्या पुढाकाराने सुरू झालेल्या क्राफ्ट प्रकल्पाने तो दाबून एलडीएमवरून तत्काळ पाठवता येतो हे सिद्ध केलं. हवामानाचा अंदाज मांडणाऱ्या संगणकी मॉडेलच्या आकड्यांसाठी कंड्युट नावाचं फीड सुरू झालं. विलंबाच्या तक्रारींत याचं नाव सर्वांत जास्त येतं, आणि ते साहजिक आहे. हे फीड दिवसभर सारखं वाहत नाही. जीएफएस या अमेरिकेच्या जागतिक मॉडेलच्या रोज चार फेऱ्या, त्यांच्या वेळी पूर आणि एरवी शांतता. शून्य यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीची, फेरी म्हणजे आपली पहाटे साडेपाचची. तिचे आकडे साधारण नऊनंतर येऊ लागतात. जानेवारी २०१५ मध्ये जीएफएस पाव अंशाच्या, म्हणजे अधिक बारीक, जाळ्यावर आलं आणि हे पूर आणखी चढले.

कंड्युटवरचा प्रसिद्ध उतारा म्हणजे फीडची फोड. प्रत्येक प्रोडक्टच्या नावाच्या शेवटी अनुक्रमांक असतो. एकच मागणी करण्याऐवजी पाच करायच्या: शेवटचा आकडा ० किंवा ५ असलेले एका जोडणीवर, १ किंवा ६ असलेले दुसऱ्या, आणि असंच पुढे. पाच जोडण्या, पाच खिडक्या. एकीवर पॅकेट हरवलं तर बाकीच्या चार संथ होत नाहीत. या उपायातून निदानही होतं. फोड केल्यावर विलंब उतरला तर अडचण प्रत्येक जोडणीवरच्या मर्यादेत होती. ढिम्म फरक पडला नाही तर लाइन खरोखरच भरली आहे किंवा डेटा पुरवणारं वरचं यंत्रच दमलं आहे. २००० नंतर अमेरिकी विद्यापीठांनी वसतिगृहांतल्या गाण्यांच्या देवाणघेवाणीला आळा घालायला वाहतूक मोजून सोडणारी उपकरणं बसवली. अनोळखी पोर्टवरून (जोडणीच्या क्रमांकावरून), म्हणजे एलडीएमच्या ३८८ वरून, अखंड वाहणारा प्रवाह त्यांच्या तावडीत सापडणं ओघानेच आलं. खूण सोपी: त्याच दोन यंत्रांमधलं हलकं फीड वेळेवर, जड फीड मागे.

विलंबाचा आलेख वाचायला मात्र सराव लागतो. एलडीएम सहसा तासाभराहून जुना डेटा घेत नाही. त्यामुळे फेरीच्या वेळी आलेखाची रेघ चढत चढत ३,६०० सेकंदांना टेकते आणि तिथे सपाट होते. पाहणाऱ्याला वाटतं, आता आणखी वाढत नाही, बरं झालं. प्रत्यक्षात त्या सपाटीवर डेटा कायमचा गळत असतो. रेघ शून्याखाली दिसली तर कुणाचं तरी घड्याळ चुकलंय. घड्याळं जुळवणारं एनटीपी तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. शिवाय हा विलंब मोजला जातो तो प्रोडक्ट साखळीत शिरल्यापासून. मॉडेलच उशिरा संपलं किंवा रडारवरून डेटा उशिरा निघाला, तर आलेख स्वच्छ आणि नकाशा शिळा, असा प्रकार होतो. फीड वेळेवर पण नकाशे मागे असतील तर आपल्याच यंत्राची डिस्क बघावी; रांग लहान असली की प्रोडक्ट वाचले जाण्याआधीच पुसले जातात.

जीटीएसची जागा आता विस २.० ही जागतिक हवामान संघटनेचीच नवी यंत्रणा घेते आहे. २०२५ पासून ती नियमित वापरात आहे. यात आधी एमक्यूटीटी या संदेशपद्धतीवरून छोटी सूचना येते, ‘अमुक डेटा तयार आहे’, आणि मग घेणाऱ्याने तो वेबच्या नेहमीच्या मार्गाने उतरवून घ्यायचा. आधी सूचना आणि मागून डेटा ही रीत एलडीएममध्येही आहे, पण एकच प्रोडक्ट दोन ठिकाणांहून येतं तेव्हा नको असलेली प्रत टाळण्यासाठी. इथे तीच मुख्य वाट झाली आहे. त्यामुळे विलंब दोन ठिकाणी मोजावा लागतो: सूचना कधी आली आणि डेटा कधी उतरला. सूचना वेळेवर पण डेटा मागे असेल, तर सूचना वाटणाऱ्या ब्रोकरला दोष देण्याआधी आपला प्रोग्रॅम एका वेळी किती फाइली मागतो ते बघावं. एकेक करत असेल, तर तो एलडीएमच्या पाचव्या आवृत्तीसारखाच वागतो आहे.